खेळणे आणि खेळवणे

"सर, त्या रात्रीचा फासा खरोखरच चुकला होता का?"

गेल्या आषाढात एका विद्यार्थिनीने मला हा प्रश्न विचारला, आणि पाव शतकाहून अधिक काळ वर्गात उभे राहून ज्या ज्या प्रश्नांना मी बगल दिली असेल त्या सर्वांहून तो मला अवघड गेला. ज्या वस्तूविषयी तो होता ती वस्तू म्हणजे बोराएवढा, वीस पैलूंचा, प्लास्टिकचा एक फासा. फाशाचा पणही काही नव्हता. ना पैसा, ना दागिना. तरीसुद्धा उत्तर देताना माझी जीभ अडखळली, आणि जे उत्तर दिले ते देऊन झाल्यावर माझ्या पस्तीस वर्षांच्या छंदाविषयी मला पुन्हा प्रारंभापासून विचार करणे भाग पडले.

हा छंद पुष्कळ वाचकांच्या परिचयाचा नसेल. इंग्रजीत यास 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात. मी आपला त्यास 'सोंगांचा पट' म्हणतो. चारपाच माणसे मेजाभोवती बसतात. प्रत्येक जण एकेक सोंग घेतो. कोणी शिलेदार होतो, कोणी वैद्य, कोणी जासूद. सोंग घेतो म्हणजे दाढीमिशा लावतो असे नव्हे. जागचे न हलता, आपला शिलेदार आता काय करील, काय बोलेल, ते तो सांगतो, इतकेच. एक जण मात्र कोणतेही एक सोंग घेत नाही, कारण उरलेले सारे जगच त्याच्याकडे असते: पाऊस, नदीचा उतार, शत्रूचा पहारा, वाटेतला सावकार आणि त्याचे कुत्रे. यास मी सूत्रधार म्हणतो, आणि आमच्या मेजावर हे काम बहुधा माझ्याकडेच येते. आता शिलेदार म्हणाला, 'मी ही भिंत ओलांडतो', आणि भिंत दोन पुरुष उंच असली, तर ती ओलांडली गेली की नाही हे कोणी ठरवावयाचे? येथे नियमांचे पुस्तक उघडते आणि फासा पडतो. ज्या महाराष्ट्राने बहुरूपी, लळिते आणि दशावतार पाहिले, आणि ज्याच्या माजघरात पिढ्यान्पिढ्या सारीपाट मांडला गेला, त्यास या खेळाचे दोन्ही घटक नवे नाहीत. ते एकत्र आलेले तेवढे नवे. सगळी सोंगे आणता येतात पण पैशाचे आणता येत नाही, अशी आपली म्हण आहे. या खेळात तेही आणता येते, हा मध्यमवर्गीयाच्या दृष्टीने त्याचा एक लहानसा गुणच मानावा.

याचे कूळ लष्करी आहे. राइसविट्झ नावाच्या प्रशियाच्या एका तरुण तोफखाना-अधिकाऱ्याने १८२४ साली नकाशावर खेळावयाच्या युद्धाचे नियम प्रसिद्ध केले. त्यात फासे होते, नुकसानीची कोष्टके होती, आणि दोन्ही पक्षांच्या मध्ये बसणारा एक पंच होता. प्रत्येक पक्षाने आपला हुकूम पंचास द्यावयाचा, आणि पंचाने ज्यास जेवढे दिसेल तेवढेच त्यास दाखवावयाचे. पुढे पन्नास वर्षांत कोष्टके इतकी वाढली की खेळापेक्षा बेरीज-वजाबाकीच अधिक होऊ लागली. तेव्हा १८७६ साली फेर्डी दु व्हेर्न्वा या सेनाधिकाऱ्याने प्रतिपादन केले की, कोष्टके बाजूस ठेवा. अनुभवी पंच स्वतःच्या विवेकाने निर्णय देईल तोच खरा. नियम मोठा की पंच मोठा, हा वाद तेव्हापासून चालू आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी तीन लहान पुस्तिकांत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला, आणि पलटणीच्या जागी एकटा माणूस आणून बसविला. माणूस आला म्हणजे त्याचे मरण आले, आणि मरण आले म्हणजे दयाही आली. लष्करी पंचास जो प्रश्न केवळ अचूकतेचा होता तो येथे नीतीचा झाला.

माझ्या हाती हा खेळ १९८९ साली पुण्याच्या वसतिगृहात आला. एका मित्राच्या थोरल्या भावाने अमेरिकेहून लाल रंगाचा खोका आणला होता. फाशांवरचे आकडे कोरलेले असत, पण रंगविलेले नसत; ते सोबतच्या मेणखडूने आपणच भरावयाचे. त्या मेणखडूचा वास मला अद्याप आठवतो. त्यानंतर मी किती नियमग्रंथ जमविले याचा हिशेब घरात सांगण्यासारखा नाही. पण त्यांविषयी माझी मते मात्र ठाम झाली आहेत, आणि छंदिष्ट माणसास मते सांगण्याची संधी मिळाली असता ती त्याने सोडावी अशी अपेक्षा कोणी करू नये.

१९७८ च्या 'रूनक्वेस्ट'ने शेकड्याच्या हिशेबात कौशल्य मोजले: तुझे पोहणे शंभरात चाळीस. हे मला प्रामाणिक वाटते. मनुष्यास आपल्या आशेचे प्रमाण आधीच कळते. १९८६ च्या 'गर्प्स'मध्ये खेळाडूने ठरावीक गुण खर्चून आपले सोंग घडवावयाचे. थोडे शौर्य घ्यावे, परवडत नसेल तर एक पाय लंगडा करून घ्यावा व वाचलेल्या गुणांत घोडेस्वारी विकत घ्यावी. हा संसाराच्या अंदाजपत्रकासारखा प्रकार पाहून मला नेहमी उदास वाटत आले आहे. १९९१ च्या 'अँबर'ने फासाच काढून टाकला व सर्व निर्णय सूत्रधाराकडे दिला. त्यातली कथा सुंदर होते, हे मी कबूल करतो. पण चार बैठकींनंतर खेळाडू परिस्थितीकडे पाहीनासे होतात व सूत्रधाराच्या चेहऱ्याकडे पाहू लागतात. दरबारी माणसे घडविण्यास याहून चांगली शाळा नाही. उलट २०१० च्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'मध्ये दोन फाशांची बेरीज दहा वा अधिक आली तर काम साधते, सहा वा कमी आली तर फसते, आणि सात ते नऊ आली तर साधते, पण किंमत मोजून. प्रपंचात आपली बहुतेक कामे याच सात ते नवाच्या घरात होतात, म्हणून ही योजना मला फार आवडली. तिचा दुसरा एक विशेष असा की तीत सूत्रधार फासा टाकतच नाही. फासे नेहमी खेळाडूच्याच हाती. हा विशेष मी वाचला, वाहवा केली, आणि दुर्दैवाने त्यापासून काही शिकलो नाही.

कारण माझ्या मेजावर पुठ्ठ्याचा एक आडपडदा असे. सूत्रधाराने नकाशे व गुपिते त्यामागे ठेवावी आणि काही फासेही त्यामागेच टाकावे, अशी या खेळात जुनी रीत आहे. पहाऱ्यावरच्या शत्रूचा नेम लागला की नाही, हे त्यामुळे फक्त सूत्रधारास दिसते.

आमच्या रविवारच्या बैठका वडगाव मावळात, माझ्या घरी होतात. विद्यार्थी पुणे-लोणावळा लोकलने येतात आणि बहुधा शेवटच्या लोकलने जातात. वडगावात बसून राक्षसांच्या गुहा कशास शोधावयाच्या, असे वाटून तीन वर्षांपूर्वी मी १७७९ चा पट मांडला. येथल्या शाळकरी मुलासही ती हकीकत ठाऊक असते. राघोबादादांस पेशवाईवर बसविण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची सुमारे चार हजार फौज बोरघाट चढून आली. ४ जानेवारीस कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे आपल्या लोकांचा 'इष्टुर फाकडा', पडला. ९ तारखेस फौज तळेगावी पोहोचली तो गाव मराठ्यांनी आधीच जाळून रिकामा केलेला. ११ जानेवारीच्या रात्री इंग्रजांनी अवजड तोफा तळ्यात ढकलल्या, सामान जाळले आणि गुपचूप माघार घेतली. पहाटेपूर्वीच मराठे त्यांच्यावर तुटून पडले, आणि वडगावात ती फौज कोंडली गेली.

ही विद्यार्थिनी आमच्या पटावर दोन वर्षे एका जासुदाचे सोंग घेऊन खेळत होती. कोणत्याही कोष्टकात न मावणारा असा एक स्वभाव तिने त्या जासुदास दिला होता: तो भित्रा होता, प्रत्येक कामगिरीपूर्वी घरी परत जाण्याची भाषा करी, आणि जाई मात्र कधी नाही. ११ जानेवारीच्या त्या रात्री तळेगावच्या तळ्याशी दडून त्याने तोफा बुडताना पाहिल्या आणि ती वार्ता घेऊन तो इंग्रजांच्या पिछाडीच्या पहाऱ्यातून निसटू लागला. पहारेकऱ्याने बंदूक झाडली. मी आडपडद्यामागे फासा टाकला. वीस पडले. आमच्या नियमांप्रमाणे याचा अर्थ एकच होता.

मी वर पाहिले. ती दोन्ही हात मेजावर घट्ट दाबून बसली होती. मी म्हणालो, "गोळी कानाजवळून गेली." सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि जासूद वार्ता घेऊन महादजींच्या गोटात पोहोचला. त्या रात्री मी फार समाधानाने झोपलो, हे येथे नमूद केले पाहिजे; अपराधी वाटण्याचा अनुभव मला बराच उशिरा आला.

पुढे दोन महिन्यांनी तहाचा प्रसंग आला. महादजी शिंद्यांचे सोंग एका विद्यार्थ्याकडे होते. मेजावर तो माझ्या उजव्या हातास बसे. प्रत्यक्ष इतिहासात इंग्रजांनी बोलणे लावले तेव्हा, वरिष्ठ सरकारच्या मंजुरीवाचून तह करण्याचा आम्हांस अधिकार नाही, असे त्यांनी स्वतःच सांगितले होते. आणि तसे असेल तर पुरंदरचा तह मोडण्याचा अधिकार तुम्ही कोठून आणलात, असे त्यांना मराठ्यांकडून विचारण्यात आले. ग्रँट डफच्या इतिहासात हा सवाल-जबाब आहे, आणि माझ्या मते त्या सबंध युद्धातील सर्वांत तीक्ष्ण शस्त्र तेच. अखेर कार्नॅक व एगर्टन यांनी सही केली: १७७३ पासून घेतलेला मुलूख, साष्टीसुद्धा, परत करावयाचा, बंगालहून येणारी फौज माघारी फिरवावयाची. दोन इंग्रज ओलीस ठेवून घेऊन मराठ्यांनी सगळी फौज मुंबईस जाऊ दिली. फौज सुखरूप पोहोचली, आणि वॉरन हेस्टिंग्जने तह अमान्य केला. सही करणारांस अधिकारच नव्हता, हे त्याचे कारण. कायद्याच्या भाषेत ते अगदीच निराधार होते असे मला म्हणवत नाही. पण मावळातल्या कोणत्याही पोरास विचारावे, तो यास रडीचा डाव म्हणेल. फासा पडल्यावर, तोही आपल्याविरुद्ध पडल्यावर, टाकणाराच्या हाताची सनद तपासावयाची, ही ती रीत. (ही रीत जुनी झाली असे समजू नये. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या प्रकाशक कंपनीने २००० साली आपले नियम सर्वांस वापरण्यास खुला परवाना दिला होता. जानेवारी २०२३ मध्ये तिने नवा परवाना आणून जुना यापुढे 'अधिकृत' नाही असे ठरविण्याचा घाट घातल्याचे उघडकीस आले. खेळाडूंनी एवढा गिल्ला केला की २७ जानेवारीस तिला माघार घ्यावी लागली. या कंपनीजवळ हेस्टिंग्ज नव्हता, एवढेच.)

आमच्या पटावर त्या विद्यार्थ्यापुढे तहाचा कागद आला तेव्हा बाकीचे सर्व ओरडू लागले: सोडू नकोस, फौज सोडू नकोस, हे शब्द फिरविणार आहेत! तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "हे मला ठाऊक आहे. महादजींना नाही." आणि त्याने फौज सोडली. साष्टी दुसऱ्यांदा गेली. कोणत्याही नियमग्रंथात त्यास असे करावयास लावणारे कलम नाही. असूही शकत नाही, कारण मनुष्यास जे ठाऊक आहे ते ठाऊक नसल्याप्रमाणे वागावयास लावील असा फासा अद्याप कोणी घडविलेला नाही. त्याने स्वतःच स्वतःस बांधून घेतले. मी त्याची पाठ थोपटली.

पण माझ्या उजव्या हातास बसत असल्यामुळे त्या रात्री पडलेले वीस त्याने पाहिले होते. चार महिने तो काही बोलला नाही. आषाढात कधीतरी, लोकलमध्ये, खेळाच्या गोष्टी निघाल्या असता त्याच्या तोंडून निघून गेले: मी ठाऊक असून हरलो, आणि सरांनी मात्र पाहून न पाहिल्यासारखे केले.

तेव्हा तिने तो प्रश्न मला विचारला. खोटे बोलण्याची संधी पुन्हा होती, आणि या वेळी मी ती घेतली नाही. 'नाही, चुकला नव्हता', असे म्हणालो, आणि तुझा जासूद मला मारवेना, असेही म्हणालो. मला वाटले, ती हसेल. ती म्हणाली, "मग त्याच्या आधी मी जितक्या वेळा वाचले तेही तुम्हीच वाचवलंत का?" मी सांगितले की नाही, ती एकच वेळ. "हे मला कसं कळणार, सर?" आणि थोड्या वेळाने, "दोन वर्षं मी खेळत होते, की तुम्ही मला खेळवत होता?"

खेळणे आणि खेळवणे या दोन क्रियापदांत आपल्या भाषेने केवढे अंतर ठेवले आहे! लहान मुलास आपण खेळवतो, मांजर उंदरास खेळवते. दोन्ही ठिकाणी खेळ एकाचाच असतो. पुढल्या रविवारी ती आली नाही, त्यापुढच्याही नाही.

माझ्या बाजूने सांगण्यासारखे काही नव्हते असे नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या सूत्रधारासाठी १९७९ साली, वडगावच्या तहानंतर बरोबर दोनशे वर्षांनी, जो ग्रंथ गायगॅक्सने लिहिला त्यात, शहाणपणाने खेळलेल्या खेळाडूवर केवळ फाशामुळे मरण येत असेल तर सूत्रधाराने त्यास सवलत द्यावी, अशी मुभा आहे. हा खेळ अखेर मनोरंजनासाठी आहे. प्लास्टिकच्या तुकड्याच्या लहरीवर दोन वर्षांची निर्मिती का जाळावी? शिवाय नियमाची अंध पूजा कोठवर नेते हे तर आपणांस सभापर्वानेच दाखविले आहे. युधिष्ठिराने आधी कोणास हरविले, स्वतःस की मला, असे द्रौपदी प्रातिकामीकरवी विचारते. तो आक्रोश आहेच. पण त्याची घडण पाहिली तर तो निखालस नियमाचा प्रश्न आहे: जो स्वतःस हरून दास झाला त्यास दुसऱ्यास पणास लावण्याचा अधिकार उरतो काय? आणि भीष्मासारखा धर्मज्ञ 'धर्माची गती सूक्ष्म' म्हणून थांबतो. नियम पाळला जात होता आणि त्याच क्षणी, त्याच सभेत, धर्म बुडत होता. हे ज्याने वाचले आहे त्याने मला नियमाचे माहात्म्य सांगू नये, असे मी काही दिवस स्वतःशी घोकत होतो.

पण ती कथा तेथे संपत नाही, आणि पुढचा भाग माझ्या सोयीचा नाही. धृतराष्ट्र अखेर घाबरून द्रौपदीस वर देतो आणि हरलेले सर्व परत करतो. म्हणजे पडलेला फासा तो न पडल्यासारखा करतो. त्या कृपेने काय साधले? पांडव घरी पोहोचण्यापूर्वीच त्यांस परत बोलाविणे गेले, पुन्हा तोच पट, पुन्हा तोच शकुनी, आणि तेरा वर्षांचा वनवास व अज्ञातवास. कृपा देणाराच्या मर्जीवर उभी होती, म्हणून मर्जी फिरताच ती कोसळली. आणि धृतराष्ट्राने जे केले ते निदान भर सभेत केले. मी पुठ्ठ्यामागे केले. त्या सभेत ज्याचे म्हणणे खरे ठरले तो विदुर. त्याने तर फासे पडण्याच्या आधीच सांगितले होते की हा पट मांडू नका.

आमच्या मातोश्रींचे वय आज पंच्याऐंशीच्या घरात आहे. त्यांनी उभ्या आयुष्यात सूत्रधार पाहिला नाही, पण सारीपाट पुष्कळ खेळल्या. त्यांच्या माहेरी, कवडी पटाबाहेर गेली तर ते दान फुकट, असा नियम होता. सासरी ते दान धरीत. लग्नानंतरच्या पहिल्याच डावात यावरून भांडण झाले आणि मग दर डावापूर्वी कोणत्या घरचा नियम ते ठरवून घेण्याची पद्धत पडली. माझी हकीकत ऐकून त्या म्हणाल्या, "नियम कोणताही धरा रे, पण दान पडायच्या आधी. पडलेलं दान काय तुझं होतं? ते तिचं होतं."

या 'तिचं' शब्दाने मी चमकलो. मरण तिच्या सोंगाचे होते. ते वाईट असो, पण तिने दोन वर्षे जो धोका पत्करला त्याचे ते फळ होते, आणि ते मी परस्पर काढून घेतले. त्याबरोबर न मागता आणखीही काही काढून घेतले: ज्या वीसपंचवीस वेळा ती खरोखर स्वतःच्या हुशारीने वा दैवाने वाचली होती, त्या सर्वांचा खरेपणा. एक खोटे नाणे सापडले की माणूस सगळी थैली दगडावर वाजवून पाहतो. आणि भूतकाळातले फासे तर वाजवून पाहताही येत नाहीत.

मग दयेस या खेळात जागाच नाही काय? आहे, आणि ती कोठे हे आमच्या गल्लीतल्या पोरांस माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. लपंडावात वा लगोरीत धाकटे भावंड हट्टाने शिरले की पोरे त्यास 'कच्चा लिंबू' ठरवितात. कच्च्या लिंबावर राज्य येत नाही; तो बाद होत नाही. नियमाचा एवढा मोठा अपवाद, पण त्यात लबाडीचा लेशही नसतो, कारण तो डाव सुरू होण्यापूर्वी, सर्वांदेखत, मोठ्याने पुकारलेला असतो. आणि जरा मोठे झालेले पोर एके दिवशी पाय आपटून म्हणते, 'मी आता कच्चा लिंबू नाही!' बाद होण्याचा हक्क ते मागत असते. मी त्या मुलीस न विचारता, न सांगता, कच्चा लिंबू केले होते. परीक्षेच्या कामातही हेच पाहिले आहे. काठावर अडलेल्या विद्यार्थ्यास वर घेण्यासाठी कृपागुणांचा नियम असतो. तो आधी छापलेला असतो, सर्वांस सारखा लागू असतो, आणि निकालपत्रात त्याची खूण असते. त्या गुणांची मला कधी लाज वाटली नाही. पण उत्तरपत्रिकेवर हळूच एक आकडा बदलणारा परीक्षक, तो कितीही कनवाळू असो, विद्यार्थ्याचा गुरू राहत नाही, मालक होतो. आणि उपकार गुप्त ठेवला म्हणून मालकी कमी होत नाही.

या दृष्टीने पाहिले तर नियम जाड असावेत की पातळ, फासा सहा पैलूंचा असावा की वीस, हा ज्यावर मी इतकी वर्षे मित्रांशी हमरीतुमरीवर आलो तो वाद मला आता दुय्यम वाटतो. जाड ग्रंथ असूनही आडपडद्यामागे सूत्रधार सर्वसत्ताधीश असू शकतो. माझ्याकडे तीनशे पानांचा ग्रंथ होता. उलट दोन पानांचे नियमही पुरतात, जर ते त्यालाही बांधीत असतील ज्याला ते कोणाच्या नकळत मोडता येतात. फेर्डी दु व्हेर्न्वाचा विवेकी पंच मला आजही मान्य आहे. पण त्याने निर्णय द्यावयाचा तर फासा हाती घेऊ नये, 'हे मी ठरवितो' असे स्पष्ट म्हणावे आणि त्याचा दोष अंगावर घ्यावा. एकदा फासा हाती घेतला की त्याने ठरविण्याचा अधिकार सोडला. मी दोन्ही राखू पाहत होतो: निर्णय माझा, जबाबदारी फाशाची. इंग्रजांची वडगावातली युक्ती माझ्याहून फार वेगळी होती असे मला वाटत नाही. सही आमची, बंधन कोणाचेच नाही.

दसऱ्याच्या आदल्या रविवारी मी तिला निरोप पाठविला की आडपडदा रद्दीत दिला आहे. ती आली, पण जासूद घेऊन नव्हे. जासुदाचा कागद तिने पिशवीतून काढला, त्यावर ११ जानेवारी १७७९ ही तारीख घातली, आणि तळेगावच्या तळ्याशी तो पडला असे स्वतःच्या हाताने लिहिले. मग वार्ता महादजींच्या गोटात कोणी पोहोचविली, असा पेच उभा राहिला. त्यावर अर्धा तास कडाक्याचे भांडण झाले, आणि अखेर त्याच पायवाटेवर दडलेला एक गुराखी कल्पून, त्यास उघड्यावर एक फासा देऊन, तो सुटला. आता सर्व फासे मेजाच्या मध्यभागी पितळी परातीत पडतात. परातीचा आवाज फार मोठा होतो अशी स्वयंपाकघरातून तक्रार आहे, आणि ती रास्त आहे.

नवे सोंग तिने एका लमाण बाईचे घेतले: तांड्याबरोबर फिरणारी, हिशेबास पक्की, कोणासही न भिणारी. तिसऱ्याच तासाला, इंद्रायणीच्या उतारावर, बैल सोडवावयास ती पाण्यात उतरली. फासा तिने स्वतः टाकला. परातीच्या काठावर तो बराच वेळ फिरत राहिला आणि दोनावर बसला. कोणी काही बोलले नाही. मी तर परातीकडे पाहण्यावाचून काही करूच शकत नव्हतो. तिने फासा उचलून पुन्हा एकदा आकडा वाचला, कागद दुमडला आणि माझ्याकडे एक कोरा मागितला.